कॉम्प्युटर मंदावला? आधी रॅम तपासा, मग खिशात हात घाला

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि तेव्हापासून अनेक लहान दुकानांत गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर येऊन बसला. कापडाचा व्यापारी त्यावर बिले काढतो, लग्नपत्रिका छापणारा अक्षरे जुळवतो, एम्ब्रॉयडरीचा कारखानदार नक्षीचे टाके मांडतो. काही वर्षे मशीन नीट चालते. मग गिऱ्हाईक समोर उभे असते आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो "जुने झाले, नवे घ्या" हाच. आमचे म्हणणे असे की, हजारो रुपयांचा हा सल्ला मानण्यापूर्वी आजार कोणता आहे ते पाहावे. पुष्कळदा तो रॅमच्या तुटवड्याचा असतो आणि एका पट्टीने बरा होतो. मात्र चुकीची पट्टी आणली तर तेही पैसे पाण्यात जातात.

टेबल आणि गोदाम

रॅम आणि हार्ड डिस्क या दोन्हींना लोक सरसकट 'मेमरी' म्हणतात. गोंधळ येथूनच सुरू होतो. हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे गोदाम आहे. वीज गेली तरी तेथील माल जागेवर राहतो. रॅम हे कटाईचे टेबल आहे. ज्या तुकड्यावर आत्ता काम चालू आहे तोच त्यावर पसरलेला असतो आणि मशीन बंद केले की टेबल रिकामे होते. टेबल लहान असेल तर कारागिराला दर वेळी एक ताका गुंडाळून गोदामात ठेवावा लागतो आणि दुसरा आणावा लागतो. रॅम भरली की कॉम्प्युटरही हेच करतो. वापरात नसलेला मजकूर तो डिस्कवर टाकतो आणि गरज पडली की परत आणतो. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू असल्यामुळे काम अडते. म्हणून "आमच्याकडे ५१२ जीबी आहे" असे सांगणाऱ्याने ते माप गोदामाचे की टेबलाचे, हे आधी समजून घ्यावे.

तुटवडा रॅमचाच आहे का?

ऐन कामाच्या वेळी नेहमीचे सगळे प्रोग्राम उघडे ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर यांचे आकडे दिसतात.

मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवल्याने फरक पडेल. मेमरी निम्मीच भरलेली, पण जुनी फिरणारी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर रॅम न घेता एसएसडी बसवावी. प्रोसेसरच १०० टक्क्यांवर असेल तर या दोन्हींचा फारसा उपयोग नाही.

किती रॅम पुरते? बिले, टॅली, इंटरनेट आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढ्यासाठी ८ जीबी पुरेशी आहे. कोरल ड्रॉ, फोटोशॉप किंवा भरतकामाची डिझाइने करणाऱ्याने १६ जीबी घ्यावी. व्हिडिओचे काम असेल तर ३२ जीबीचा विचार करावा. विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट आहे, पण तेवढ्यात मशीन फक्त सुरू होते, काम रेटले जात नाही. विंडोजची ३२ बिटची आवृत्ती असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही. आधी ६४ बिटची आवृत्ती टाकावी लागते.

पट्टी कोणती?

रॅमच्या पिढ्या आहेत. डीडीआर-३ चे प्रमाण २००७ साली ठरले, डीडीआर-४ चे २०१२ साली आणि डीडीआर-५ चे २०२० साली. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नाही. लॅपटॉपच्या आखूड पट्टीला या तीन पिढ्यांत अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि मधली खाच वेगवेगळ्या जागी असते. डीडीआर-३ च्या काळातील काही लॅपटॉपना १.३५ व्होल्टची, म्हणजे 'एल' अक्षर असलेलीच पट्टी लागते, हेही लक्षात ठेवावे. मोठ्या डेस्कटॉपची पट्टी लांब असते. टेबलावर मावणाऱ्या छोट्या पेटीवजा कॉम्प्युटरला मात्र बहुधा लॅपटॉपचीच पट्टी लागते.

वेगासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. २६६६ च्या पट्टीशेजारी ३२०० ची लावली तर दोन्ही सावकाश पट्टीच्याच चालीने चालतात. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या मात्र जोडीने काम करतात. म्हणून एका खाचेत ८ जीबी असेल तर दुसरीत ८ चीच घालावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाच आहे की नाही, हे पाहणे. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पुष्कळदा बोर्डावरच झाळलेली असते. अ‍ॅपलने २०२० पासून स्वतःच्या चिपवर काढलेल्या मॅकबुकमध्ये तर ती नंतर वाढवताच येत नाही. अशी मशीन घेताना पुढच्या पाच वर्षांची गरज पहिल्याच दिवशी विकत घ्यावी लागते.

बाजाराची चाल

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना प्रचंड मेमरी लागते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन प्रमुख उत्पादकांनी आपले उत्पादन जादा भावाच्या त्या मालाकडे वळवले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली.

माल महागला की जुना माल नवा म्हणून खपवण्याचा मोह वाढतो. जुनी पट्टी वाईटच असते असे नाही, पण जुनी म्हणून जुन्याच भावाने घ्यावी. पक्के बिल घ्यावे आणि न चालल्यास परत करण्याची बोली आधीच करावी. बसवल्यावर विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' किंवा 'मेमटेस्ट-८६' रात्रभर चालवावे. सदोष रॅममुळे मशीन बंद पडते एवढेच नाही, फायलीतला मजकूरही बिघडू शकतो. हिशेबाच्या फायलीत असे झाले तर ते नुकसान पट्टीच्या किमतीहून मोठे ठरेल.

आणखी एक विचार करावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मशीन विंडोज ११ घेऊ शकत नसेल, तर त्यावर किती पैसे घालायचे याला मर्यादा असावी.

बसवताना

आधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मशीन वॉरंटीत असेल तर उघडण्यापूर्वी कंपनीला विचारा. चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा आणि अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. लॅपटॉपमध्ये पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी सरकवून खाली दाबावी, म्हणजे दोन्ही बाजूंचे चिमटे 'टक्' आवाज करून बसतात. बसत नसेल तर जोर लावू नका. बहुधा पट्टी चुकीची असते. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सगळी वीज तोडून पट्टी काढावी, तिच्या सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि पट्टी परत बसवावी.

दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: रॅमची पिढी, पट्टी आखूड की लांब, किती खाचा रिकाम्या आहेत आणि मशीन जास्तीत जास्त किती रॅम घेते. पहिल्या तिन्हींची माहिती टास्क मॅनेजर किंवा 'सीपीयू-झेड' या मोफत प्रोग्राममध्ये मिळते आणि चौथीची कंपनीच्या माहितीपत्रकात. हा कागद हातात असेल, तर विक्रेत्याच्या अंदाजावर माल घ्यावा लागणार नाही.