केनियाला निघताना: ऐकीव काय, खरं काय

कोणी केनियाला निघालं की सूचनांचा पाऊस पडतो. सुती कपडे घे, पाणी उकळूनच पी, सिंहापासून लांब राहा. सूचना प्रेमाने दिलेल्या असतात, पण पहिल्या सहलीत अडचण येते ती सहसा दुसरीकडूनच. लस चार दिवस उशिरा घेतलेली असते, तिकीट चुकीच्या महिन्याचं काढलेलं असतं, किंवा दोन जंगलं नकाशावर शेजारी दिसली म्हणून एकाच दिवसात बसवलेली असतात. पूर्व आफ्रिका पहिल्यांदा पाहणाऱ्यांना मी केनियाच सुचवते. मुंबईहून थेट विमानाने नैरोबी साधारण सहा तासांवर आहे आणि तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. म्हणजे प्रवास सोपा आहे. तयारी मात्र नीट करावी लागते, आणि तिच्यात सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो लसीचा.

“पिवळ्या तापाची लस केनियात शिरण्यासाठी लागते”

भारतातून थेट गेलात तर केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही. ते मागितलं जातं परत येताना, आपल्याच विमानतळावर. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंग्यू पसरवणारा तोच हा डास. एक जरी रुग्ण आला तरी साथ पसरायला सगळी परिस्थिती तयार आहे, म्हणून भारताचा नियम कडक आहे. केनियासारख्या देशातून वैध प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. घरची माणसं बाहेर वाट पाहत उभी असताना हे कळणं फार क्लेशाचं असतं.

लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होतं. परतीचं विमान पंधरा तारखेला असेल आणि लस दहा तारखेला घेतली, तर सुई टोचली असली तरी कागद अजून कच्चाच. शिवाय ही लस प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिथे ठरावीक दिवशी, आधी वेळ घेऊन जावं लागतं. पासपोर्ट सोबत न्या, कारण त्याचा क्रमांक प्रमाणपत्रावर चढतो. महिनाभर आधी हे काम उरकलं की मन मोकळं राहतं. दहा वर्षांपूर्वी लस घेतली होती, आता पुन्हा घ्यायची का, असंही विचारलं जातं. गरज नाही. जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं. ते पिवळं कार्ड तेवढं जपून ठेवा.

साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी, अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. ही जिवंत विषाणूची, अंड्यात वाढवलेली लस आहे. आणि केनियातून पुढे झांझिबारला जायचं असेल तर टांझानियाही हे कार्ड मागतो.

मलेरियाबद्दल आपल्याकडे एक वेगळीच निर्धास्तता असते: “आपल्याकडेही मलेरिया आहे, आपल्याला सवय आहे.” अशी सवय शहरात राहणाऱ्या माणसाला नसते. तिथला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतू शकणारा, आणि क्लोरोक्विन हे जुनं औषध त्यावर चालत नाही. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी आहे, मोम्बासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराकडचा भाग यांत जास्त. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, कधी सुरू करायच्या आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: “मी केनियाला जाऊन आलोय.”

“आता व्हिसा लागत नाही”

अर्धसत्य. जानेवारी 2024 पासून केनियाने जुना व्हिसा बंद केला आणि त्याजागी ऑनलाइन प्रवास परवाना आणला. ईटीए असं त्याचं नाव. त्याला शुल्क आहे, राहण्याचं बुकिंग आणि तिकीट दाखवावं लागतं, आणि तो निघण्यापूर्वी हातात हवा. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरून करा, कारण हुबेहूब दिसणारी आणि जास्तीचे पैसे घेणारी खासगी पानं बरीच आहेत. केनिया, युगांडा आणि रवांडा तिन्ही पाहायचे असतील तर तिघांचा मिळून एक पर्यटक व्हिसा असतो. टांझानिया त्यात नाही. त्याचा व्हिसा वेगळा, आणि झांझिबारसाठी ऑक्टोबर 2024 पासून तिथलाच प्रवास विमाही सक्तीचा आहे.

“आफ्रिका म्हणजे ऊन, स्वेटर कशाला?”

माझ्या मते सहलीची मजा सगळ्यात जास्त बिघडवणारा गैरसमज हाच. विषुववृत्त केनियातूनच जातं हे खरं, पण नैरोबी सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. म्हणजे आपण ज्या उंचीला शिखर म्हणतो, तिथे त्यांची राजधानी वसलेली आहे. नैरोबी विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्याने जून ते ऑगस्ट हे तिथले थंड महिने. जुलैतल्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. मसाई मारा या अभयारण्यात पहाटे सहाला छत उघडलेल्या गाडीत उभं राहिल्यावर अंगावर येणारं वारं आठवलं की आजही शाल शोधावीशी वाटते. स्वेटर, वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी घ्याच. दुपारी मात्र उन्हाचा चटका बसतो, म्हणून टोपी आणि सनस्क्रीनही हवं. गडद निळे आणि काळे कपडे टाळा. त्से त्से माश्या त्या रंगांकडे खेचल्या जातात आणि त्यांचा चावा चांगलाच झोंबतो.

आता महिन्याचा प्रश्न. इथे आपलं शाळेचं वेळापत्रक आड येतं. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा पाऊस साधारण ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी नेमकी त्यांच्या मोठ्या पावसात पडते. मारातली बरीच जमीन काळी, भारी आहे, अगदी आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या जमिनीसारखी. इंग्रजीत दोघींना नावही एकच आहे. पावसात त्या मातीत गाडी कशी रुतते हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत काही मुक्कामाच्या जागा बंदही असतात. तरी एप्रिल-मेशिवाय जमणारच नसेल, तर दर कमी असतात, गर्दी नसते, सारं हिरवंगार असतं. फक्त गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे याची लेखी खात्री करून घ्या आणि एक-दोन दिवस हातचे राखून ठेवा. मुलं बरोबर असतील तर जूनचा पहिला आठवडा मला सगळ्यात बरा वाटतो. पाऊस ओसरलेला असतो आणि शाळा उघडायची असते.

“पण मग ग्रेट मायग्रेशन?” हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट जातीची हरणं एखाद्या तारखेला नदी ओलांडतात असं चित्र डोक्यात असतं. तसं नसतं. हे कळप वर्षभर गवत आणि पावसाच्या मागे टांझानियातलं सेरेंगेटी आणि मारा यांच्यामध्ये फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात आणि फेब्रुवारीच्या आसपास तिथे पिल्लं जन्मतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर ते मारात असतात. नदी ओलांडण्याचा क्षण कळप ठरवतो. काठावर तासन् तास थांबून ते मागेही फिरतात. अमुक तारखेला हमखास दाखवू असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एका रात्रीत सारं आटपण्यापेक्षा मारासाठी तीन रात्री ठेवा.

“मारा आणि सेरेंगेटी लागूनच आहेत, एका गाडीत दोन्ही करू”

प्राण्यांसाठी ती एकच भूमी आहे. पर्यटकांना मात्र जंगलातून सीमा ओलांडता येत नाही. इसेबानिया किंवा नमांगाच्या नाक्यावरून फेरा घालावा लागतो, आणि तिथे गाडी व चालकही सहसा बदलतात. पहिल्या सहलीत एकच देश नीट पाहावा असं माझं स्पष्ट मत आहे. नैरोबी ते मारा हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आत असलं तरी पाच-सहा तास सहज जातात. वेळ वाचवायला छोटं विमान घेतलंत तर सामानाची मर्यादा बहुतेक पंधरा किलो, आणि बॅग मऊ हवी. टणक सुटकेस त्या विमानाच्या पोटात बसत नाही.

स्वस्त पॅकेज दिसलं की एकच प्रश्न विचारा: प्रवेश शुल्क धरलंय का? मसाई माराचं शुल्क परदेशी प्रौढासाठी दिवसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर असं 2024 मध्ये ठरलं. चौघांच्या कुटुंबाचं अंदाजपत्रक एवढ्या एका ओळीने बदलतं. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांचं असतं, आणि शेवटच्या दिवशी जंगलातला मुक्काम सोडून सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं. “निघताना दुपारपर्यंत एक फेरी मारू” असं ठरवलंत तर आणखी एका दिवसाचे पैसे पडतील.

“शाकाहारी माणसाची उपासमार होते”

हे ऐकून लोक अर्धी बॅग चिवडा-ठेपल्यांनी भरतात. खाऊ जरूर न्या, पण प्लास्टिकच्या कॅरीबॅगा घरी ठेवा. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि कायद्यात मोठ्या दंडासह तुरुंगवासाचीही तरतूद आहे. संरक्षित जंगलांत जून 2020 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या, स्टीलचे डबे आणि घरची पाण्याची बाटली घेतलीत की प्रश्न मिटला.

उपासमारीचं म्हणाल, तर चपाती हा केनियाचा रोजचा पदार्थ आहे आणि नावही चपातीच. 1896 ते 1901 या काळात मोम्बासा ते व्हिक्टोरिया सरोवर रेल्वे बांधायला तीस हजारांवर भारतीय मजूर नेले गेले. त्यांच्या आणि त्यांच्या आधीपासून किनाऱ्यावर आलेल्या व्यापाऱ्यांच्या खुणा तिथल्या जेवणात आणि बोलण्यात आहेत. दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बीमा’, गाडीला ‘गारी’, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘कचुंबारी’. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, सुकुमा विकी ही पालेभाजी, मका आणि घेवड्याची गिथेरी, नारळाच्या दुधातला घेवडा हे सगळं शाकाहारी मिळतं. फक्त भाजीत मांसाचा रस्सा घातलाय का ते विचारा. ‘बिला न्यामा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. आणि ‘सफारी’ म्हणजे त्यांच्या स्वाहिली भाषेत कोणताही प्रवास. आपल्या ‘सफर’चं मूळही त्याच अरबी शब्दात आहे.

सुरक्षितता, पैसे आणि वेळ

नैरोबी धोकादायक आहे म्हणून हॉटेलात कोंडून घेऊ नका आणि बेफिकीरही राहू नका. रस्त्याकडेला उभं राहून मोबाइल पाहू नका, अंधार पडल्यावर पायी फिरू नका, ॲपवरून टॅक्सी मागवा. माणसांचे, विशेषतः मसाई लोकांचे फोटो विचारूनच काढा. परवानगीशिवाय ड्रोन नेलात तर विमानतळावरच जप्त होईल. व्यवहार बरेचसे एम-पेसावर, म्हणजे 2007 पासून चालू असलेल्या मोबाइल पैशांवर चालतात. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घेतलं तर तुम्हालाही तो वापरता येतो. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या न्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, त्याचं अडॅप्टर इथूनच घेतलेलं बरं.

आणि वेळ ठरवताना एक गोष्ट तपासा. स्वाहिली बोलणारे तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत. आपल्या जुन्या घटका जशा सूर्योदयापासून मोजल्या जात, तसं त्यांचं गणित सकाळी सहापासून सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे ‘सा म्बिली’, दुसरा. पर्यटकांशी इंग्रजीत बोलताना ते बहुधा आपलंच घड्याळ वापरतात, पण गावातली गाडी किंवा बोट स्वाहिलीत ठरवलीत तर वेळ घड्याळावर बोट ठेवून दाखवा. ‘सा म्बिली’चा अर्थ पहाटेचे दोन असा घेतलात तर धक्क्यावर सहा तास एकट्याने बसावं लागेल.