मृद्भक्षण : खडूपासून पांडूपर्यंत

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला की आमच्या चिकित्सालयात एक तक्रार हमखास येते. मूल पाटीवरची पेन्सिल कुरतडते, फळ्याचा खडू खिशात घालून आणते आणि कोपऱ्यात बसून खाते. आई हे काहीशा संकोचाने सांगते आणि निदानही तिनेच केलेले असते : "कॅल्शियम कमी असेल ना?"

काही वर्षांपूर्वी साडेचार वर्षांच्या अशाच एका मुलीस आम्हीही प्रवाळपिष्टी देऊन घरी पाठविले. दोन महिन्यांनी ती परत आली. खडू सुटला नव्हता, नखे पांढुरकी झाली होती आणि जिना चढताना तिला धाप लागत होती. हिमोग्लोबिन भरले ७.१. चूक आमचीच होती. फळ्याचा खडू म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट अथवा जिप्सम, आणि कॅल्शियम लोहाच्या शोषणास अडथळा करते. जे त्या मुलीच्या पोटात आधीच जात होते, त्यातच आम्ही भर घातली.

चरकाचार्यांनी पांडुरोगाच्या पाच प्रकारांत मृद्भक्षणजन्य पांडू स्वतंत्र सांगितला आहे. तुरट माती वाताचा, खारट पित्ताचा, मधुर कफाचा प्रकोप करते. न पचता स्रोतसे अवरुद्ध करते. बल, वर्ण, अग्नी यांचा नाश होतो. पुढे गाल, भुवया, पायांवर सूज आणि कोष्ठात कृमी. मातीतून येणारी जंताची अंडी आणि लोहाची हानी ठाऊक असणाऱ्या आजच्या वैद्यास हे वर्णन मुळीच परके वाटू नये. एवढेच, की कार्यकारणाची साखळी उलट्या दिशेनेही चालते. लोह कमी झालेल्या मुलास माती, खडू, भिंतीचा पापुद्रा यांची विलक्षण ओढ लागते, आणि लोह मिळू लागताच अनेकदा हिमोग्लोबिन सुधारण्याआधीच ही ओढ मावळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के भारतीय बालके रक्तक्षयी आढळली. तेव्हा खडू खाणारे मूल दिसताच प्रथम पापणी उलटून पाहावी.

सवय न सोडणाऱ्या रुग्णास विडंग, अतिविषा, कडुनिंबाची पाने, पाठा, कुटकी आदींनी भावित केलेली मातीच द्यावी, म्हणजे तिचा द्वेष उत्पन्न होईल, ही चरकोक्त युक्ती वाचताना आम्हांस आजही हसू येते आणि आदरही वाटतो. बालकांत मात्र ती आम्ही वापरीत नाही. तीक्ष्ण शोधनाविषयीही बलाबल पाहण्याची अट ग्रंथातच आहे. पांढऱ्याफटक पडलेल्या बालकास रेचन देण्याची घाई करू नये. कृमिघ्न चिकित्सा, वयानुरूप लोहकल्प वा मंडूरकल्प, आणि बल येण्यासाठी घृत हा आमचा क्रम. लोहाबरोबर चहा नको, कॅल्शियमही त्याच वेळी नको.

मूल जुन्या दारा-खिडक्यांचा रंग खात असेल तर प्रश्न निराळा. घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचे रंग अनेक घरांत अजून आहेत, आणि लोह कमी असलेले शरीर शिसे अधिक शोषते. येथे रक्तातील शिशाची तपासणी करवून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधालयचालक बंधूंना एक विनंती. मुंग्या-झुरळांसाठी रेघ ओढण्याचा खडू दिसतो हुबेहूब लिहिण्याच्या खडूसारखा, पण त्यात कीटकनाशक असते. तो गल्ल्याजवळच्या बरणीत, पेन्सिलींच्या शेजारी ठेवू नये. मुलाने तो खाल्ला असे कळल्यास वमन करवू नये. तोंड पुसून, वेष्टन बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठण्यास सांगावे. गिळलेले बटण सेल असेल तर वाट पाहण्यास मुळीच अवकाश नसतो. अन्ननलिका दोन तासांतही भाजते.

त्या मुलीचा खडू लोहकल्प सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुटला. हिमोग्लोबिन ११ वर येण्यास चार महिने लागले. तिची आजी अद्यापही येता-जाता विचारते, कॅल्शियमचे औषध पुन्हा कधी सुरू करायचे.