मेंदूतल्या रसायनांचा नकाशा, काही मिनिटांत

एमआरआयचं नेहमीचं चित्र हे बहुतांशी पेशींतल्या पाण्याचं चित्र असतं. गाठ कुठे आहे, केवढी आहे, हे त्यात दिसतं. तिथल्या पेशींत काय शिजतंय, हे दिसत नाही. ते कळण्याची सोय मात्र त्याच यंत्रात आहे. प्रत्येक रेणूतला हायड्रोजन किंचित वेगळ्या वारंवारतेला प्रतिसाद देतो. त्या फरकावरून कोणतं रसायन कुठे, किती आहे याचा नकाशा काढता येतो. त्याला एमआरएसआय म्हणतात. स्ट्रोकमध्ये रक्त न पोचलेल्या भागात लॅक्टेट साठतं. ग्लायोमाच्या गाठीत कोलिन वाढतं आणि चेतापेशींची खूण असलेलं 'एनएए' घटतं. एवढी मोलाची माहिती देणारी तपासणी रोजच्या वापरात फारशी नाही, याचं वाईट वाटतं.

कारण ही रसायनं पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी विरळ आहेत. म्हणून मेंदूचे साधारण एक सेंटिमीटर बाजूचे ठोकळे पाडून मोजावं लागतं. बाजू एक मिलिमीटर केली, तर ठोकळ्यातला संकेत हजारावा भाग उरतो, गोंगाट मात्र तेवढाच. मोजणी चौपट केली की स्पष्टता फक्त दुप्पट होते. म्हणजे हजारपट तूट भरून काढायला दहा लाख वेळा मोजायला हवं! जुन्या पद्धतीत 32 बाय 32 चौकटींच्या एकाच कापासाठी 1024 वेळा संकेत घ्यावा लागतो. दर वेळी दीड सेकंद धरला, तरी पंचवीस मिनिटं होतात. दुखणाईत माणसाने तेवढा वेळ न हलता पडून राहायचं.

एकाच संकेतातून अनेक बिंदू झपाट्याने वाचण्याची युक्ती पीटर मॅन्सफील्ड यांनी 1977मध्ये मांडली. 2003चं नोबेल त्यांना पॉल लॉटरबर यांच्यासोबत मिळालं. पण नुसत्या वेगाने क्षीण संकेत बळकट होत नाही. ती कोंडी फोडायला लॉटरबर यांच्याच इलिनॉय विद्यापीठात फॅन लॅम आणि झी-पेइ लियांग यांनी 2014मध्ये वेगळी वाट धरली. तिचं नाव 'स्पाइस'. रसायनं ठरावीक आहेत आणि त्यांच्या वर्णपटांचे आकारही ठाऊक आहेत, मग ते दर ठोकळ्यात नव्याने कशाला मोजायचे? मुरलेला रसिक दोन-चार स्वरांवरून राग ओळखतो, तसं हे गणित मूळ आकार आधी शिकून घेतं आणि कुठे कोणता किती, एवढंच शोधतं. नेहमी दाबून टाकला जाणारा पाण्याचा जोरकस संकेतही पुढे त्यांनी ठेवून घेतला. चुंबकीय क्षेत्रातला असमतोल त्यावरून सुधारता येतो. आता दोन-तीन मिलिमीटरच्या ठोकळ्यांनी जवळजवळ अख्खा मेंदू काही मिनिटांत टिपता येतो.

एक धोका मला गंभीर वाटतो. आधी शिकलेल्या आकारांत न बसणारं काही आजारी मेंदूत असेल, तर गणित ते पुसून टाकू शकतं आणि नकाशा तरीही देखणाच दिसेल. त्यामुळे शिकवणीच्या नमुन्यांत निरोगी मेंदूंबरोबर गाठी, स्ट्रोक, अपस्मार झालेलेही मेंदू हवेत, आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा कितपत भरवशाचा, हेही डॉक्टरांसमोर नकाशासोबतच यायला हवं.