विश्लेषण : प्रत्येक वाक्य खरे, तरी लेख एकांगी? ज्ञानकोशातील नोंद कशी तपासावी

अकोल्याचे नाव कशावरून पडले, असे मोबाइलला विचारून पाहा. अकोलसिंग नावाच्या कुणा सरदाराची गोष्ट समोर येते. त्याने म्हणे सशाला कुत्र्याच्या मागे धावताना पाहिले, जागा शुभ मानली आणि तिथे कोट बांधला. गोष्ट छान आहे. पण ससा आणि कुत्र्याची हीच गोष्ट अहमदाबादची म्हणूनही सांगतात. एकच चमत्कार दोन शहरांच्या नावे लागला, की ती आख्यायिका आहे हे ओळखावे. ज्ञानकोशाने तिथे ‘असे सांगितले जाते’ एवढे लिहिले तर लेख बिनचूक ठरतो. ते तीन शब्द गाळले, की तीच गोष्ट इतिहास होऊन मुलांच्या प्रकल्पवहीत जाते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरेही बरीचशी अशाच लेखांवर पोसलेली असतात, त्यामुळे मूळ लेख तपासण्याची गरज वाढली आहे.

मात्र आपल्या गावाबद्दल वाचताना आपण पंच राहत नाही, खेळाडू होतो. म्हणून सरावासाठी दूरचा विषय बरा. उदाहरणार्थ जॅझ. अमरावती-अकोल्यात या संगीतावरून कुणाचे भांडण नाही. लग्नाच्या बँडमधला ट्रंपेट आणि क्लॅरिनेट ओळखीचा असला, तरी पुरे.

अचूकता आणि तटस्थता यांत फरक काय?

अचूकता वाक्याची असते, तटस्थता अख्ख्या लेखाची. जॅझचा उगम अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांमध्ये झाला, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मध्ये निघाली. ती ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ या गोऱ्या वादकांच्या ताफ्याची होती. हेही खरे.

समजा, एखाद्या लेखाने पहिले विधान एका ओळीत उरकले आणि १९१७ पासून पुढे गोऱ्या ताफ्यांवर दहा परिच्छेद लिहिले. १९३० मध्ये ‘जॅझचा राजा’ अशा अर्थाच्या नावाचा हॉलिवूडपट निघाला, त्याचा नायक पॉल व्हाइटमन हा गोरा बँडप्रमुख होता, हेही त्यात आले. यातले एकही वाक्य खोटे नाही. लेख मात्र वाकडा आहे. बडी बोल्डन हा कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक न्यू ऑर्लिन्समध्ये त्याआधी दहा-बारा वर्षे गाजत होता. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल केले गेले, तिथेच १९३१ मध्ये तो वारला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ज्याची तबकडी उरली त्याच्याविषयी लिहिणे सोपे असते आणि तबकडी कुणाची निघाली हे त्या काळी कातडीच्या रंगावर बरेच अवलंबून होते.

म्हणून विकिपीडियाच्या तटस्थतेच्या धोरणात ‘दोन्ही बाजूंना सारखी जागा’ असा नियम नाही. विश्वासार्ह साधनांत ज्या मताला जेवढे वजन, तेवढी त्याला लेखात जागा, असे ते धोरण सांगते. जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाने १९३८ मध्ये दावा केला की, जॅझचा शोध आपणच १९०२ मध्ये लावला. त्याचा जन्म १८९० च्या आसपासचा धरला, तर तेव्हा तो बारा वर्षांचा होता! हा दावा लेखात यावा, पण मॉर्टनचा दावा म्हणून.

तळटीप असली म्हणजे झाले का?

नाही. लुई आर्मस्ट्राँग हा जॅझमधला सर्वांत मोठा ट्रंपेटवादक. आपला जन्म ४ जुलै १९०० चा, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. १९७१ मध्ये तो वारला तेव्हाही हीच तारीख प्रचलित होती. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्समधील चर्चची बाप्तिस्म्याची नोंद सापडली. तिच्यात तारीख होती ४ ऑगस्ट १९०१. तोवरच्या पुस्तकांचा हवाला देणारी तळटीप नियमाप्रमाणे बरोबर होती, माहिती चूक होती.

तळटिपेवर बोट ठेवून मूळ साधन उघडा. ते साधन तेच वाक्य सांगते का? ते घटनेच्या जवळचे आहे, की कुणाचे ऐकून लिहिलेले? आणि मुख्य म्हणजे, त्या साधनानेच ज्ञानकोशातून उचललेले नाही ना? बातमीदार ज्ञानकोशातून उचलतो आणि उद्या ज्ञानकोश त्याच बातमीचा हवाला देतो. हे चक्र एकदा फिरले, की चुकीलाही पुरावा मिळतो.

छापील कोश अधिक खात्रीचा, हा समजही थोडा सैल करावा लागेल. ‘नेचर’ या नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानावरचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. विकिपीडियाच्या लेखात सरासरी सुमारे चार चुका निघाल्या, ब्रिटानिकाच्या लेखात सुमारे तीन. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला. शिवाय ती तपासणी विज्ञानाची होती. संगीत किंवा इतिहासाला तोच निकाल लावता येत नाही. मराठी विश्वकोशाचा एक मोठा गुण म्हणजे नोंदीखाली लेखकाचे नाव असते. मत कुणाचे हे कळते. विकिपीडियावर त्याऐवजी लेखाचा ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पाने उघडावीत. कुठल्या वाक्यावरून संपादकांची जुंपली होती हे तिथे दिसते. बहुतेक वाचक ती कधी उघडत नाहीत, आणि खरी माहिती पुष्कळदा तिथेच असते.

लेखात नसलेले कसे दिसणार?

हा सर्वांत अवघड भाग. त्यासाठी विषयाबाहेरचे थोडे ठाऊक असावे लागते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबई आणि कोलकात्यात रमला आणि १९४५ मध्ये कोलकात्यातच पटकीने गेला. गोव्यातील हळदोण्याचा अँतोनियो शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने ट्रंपेट वाजवत असे. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात दिलेले संगीत आपल्या आजी-आजोबांना पाठ होते, त्यात या चिक चॉकलेटचा ताफा होता. जॅझ वऱ्हाडातल्या टूरिंग टॉकीजपर्यंत पोहोचला तो असा, स्वतःचे नाव न सांगता. जॅझवरचा लेख न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यूयॉर्क एवढ्यावरच संपत असेल, तर तो अमेरिकेतील जॅझवरचा लेख आहे.

वऱ्हाडाचा याच्याशी संबंध काय?

हाच डोळा घेऊन आता घराकडे वळता येईल. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील आडगावला इंग्रज आणि मराठे यांची लढाई झाली. १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड पडला. या मोहिमेचे सविस्तर वर्णन इंग्रजी साधनांतून सहज मिळते, कारण सेनापती आर्थर वेलस्ली याचे खलिते छापले गेले आणि जपले गेले. ते खोटे आहेत असे नाही. पण मृतांचा आकडा वाचताना तो मोजला कुणी आणि गडाच्या आतून पाहणाऱ्याची बाजू लेखात किती ओळींची आहे, हे विचारायलाच हवे. बोल्डनची तबकडी नव्हती, तसेच हे.

हा प्रश्न मराठीत मोठ्या प्रमाणावर विचारला तो अमरावतीत शिकलेल्या एका माणसाने. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून ते डॉक्टरेट घेऊन आले. इंग्रजी कोशाचे भाषांतर करून देणे सोपे होते, पण त्या कोशांच्या मध्यभागी युरोप होता. केतकरांनी १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ २३ खंडांत उभा केला आणि पहिल्याच प्रस्तावनाखंडाला नाव दिले, ‘हिंदुस्थान आणि जग’. केतकरांची स्वतःची मते ठाम होती, ती त्या खंडांत ठिकठिकाणी डोकावतात. त्यामुळे त्यांचा कोशही याच कसोट्यांवर घासून वाचावा लागतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे संशयास्पद वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करण्याची सोय आहे. ती खूण करायला तज्ज्ञ असावे लागत नाही. अमरावतीचे मूळ नाव ‘उदुंबरावती’ असल्याचे सांगतात. पुढच्या वेळी ते वाचाल, तेव्हा शेजारी तळटीप आहे का आणि ती कुठे नेते, ते पाहता येईल.