आखणी आधी, वस्ती नंतर

म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेळगोळ लागते. महसुली दप्तरात हे गाव मंड्या जिल्ह्याच्या श्रीरंगपट्टण तालुक्यात मोडते, पण त्याचे दैव बांधलेले आहे म्हैसूरशी. म्हैसूरला कावेरीचे पाणी पुरवणाऱ्या पंपगृहांपैकी एक इथे आहे. म्हैसूर–अर्सीकेरे लोहमार्गावर गावाचे स्वतःचे स्थानक आहे. देशातला कृत्रिम अमोनिया बनवणारा पहिला कारखाना स्वातंत्र्यापूर्वीच इथे उभा राहिला होता, आणि म्हैसूरच्या अंगाला पसरलेल्या एका औद्योगिक वसाहतीला आजही याच गावाचे नाव आहे. एकीकडे कावेरीच्या कालव्यांवरची भाताची आणि उसाची शेते, दुसरीकडे मेटगळ्ळी-हूटगळ्ळीपासून सरकत येणारे शहर, अशा मधल्या पट्ट्यात बेळगोळ आणि आसपासची गावे सापडली आहेत. हे चित्र मराठी वाचकाला मुळीच परके वाटणार नाही. पुण्याभोवतीची गावे, सांगली-मिरजेच्या कडेची शिवारे, छत्रपती संभाजीनगरच्या बाहेरच्या वसाहती अशाच वाढल्या. शहराच्या वेशीवर घर बांधणाऱ्या माणसाची अडचण दोन्ही राज्यांत एकच आहे आणि सरकारांनी तिच्यावर दिलेला उताराही एकच आहे. तो उतारा का लागू पडत नाही, हे दाखवणे आणि लागू पडेल असा मार्ग सुचवणे, हा या लेखाचा हेतू.

या वेशीवर विकले काय जाते ते आधी नीट पाहू. कर्नाटकात त्याला ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात, आपल्याकडे गुंठेवारी. शेतजमिनीचा बिगरशेती परवाना न घेता, रेखांकन मंजूर न करता, चुन्याच्या फक्कीने रस्ते आखून तुकडे पाडायचे आणि विकायचे. म्हैसूरकडचा नेहमीचा तुकडा तीस बाय चाळीसचा, म्हणजे 1200 चौरस फुटांचा. आपला गुंठा 1089 चौरस फुटांचा. माप जवळपास सारखेच, कारण गरज सारखी आहे: दोन खोल्या, पुढेमागे वर एखादा मजला, त्यातली एखादी खोली भाड्याने देण्यासाठी. फरक कागदांचा. कर्नाटकातल्या ग्रामपंचायती ‘ई-स्वत्तु’ या संगणकीय प्रणालीतून मालमत्तेचा उतारा देतात. गावठाणातल्या किंवा रीतसर मंजुरी असलेल्या जागेला नमुना 9 आणि 11-अ मिळतो. मंजुरी नसलेल्या जागेला 11-ब. एका अक्षराचा हा फरक घरमालकाला जन्मभर पुरतो. महाराष्ट्रात हेच काम सातबारा करतो. एकाच गट नंबरावर दहा-वीस खरेदीदारांची नावे सामाईक चढतात; कोणाचा गुंठा कुठला हे उताऱ्यावरून कळत नाही, शेजाऱ्यांच्या तोंडी कबुलीवरच ते चालते. काहींच्या हाती तर नोटरीपुढचे साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र एवढेच असते, आणि अशा कागदांनी स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘सूरज लॅम्प’ प्रकरणात ऑक्टोबर 2011 मध्येच स्पष्ट केले आहे.

परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात. मंजुरी नाही म्हणून बँक कर्जाला हात आखडता घेते. मग घर सावकारी पैशावर किंवा भिशीवर टप्प्याटप्प्याने उठते. नकाशा मंजूर नसल्यामुळे बांधकामावर कोणाचीच देखरेख नसते. आखलेला रस्ता कागदोपत्री मूळ शेतकऱ्याच्याच नावावर राहिला, तर तो ताब्यात नाही म्हणून पंचायत डांबर टाकत नाही. घर विकायला काढले तर गिऱ्हाईक भाव पाडून मागते. भाडेकरूचेही यात नुकसान आहे. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना परवडणाऱ्या खोल्या मुख्यतः अशाच घरांत मिळतात, पण मालकाचीच बाजू लंगडी असेल तर तो नोंदणीकृत भाडेकरार करायला कचरतो, आणि दोघेही कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहतात. घरपट्टी मात्र वसूल होते. कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत झाले असे नाही, ही ओळ पावतीवर असतेच.

अशा खरेदीदाराला बेकायदा वागणारा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्यापुढे पर्याय कोणता होता? महाराष्ट्रात 1947 चा तुकडेबंदी कायदा ठरावीक क्षेत्राखालच्या शेतजमिनीच्या विक्रीला आडवा येत आला. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे अशी ठरली. शेती किफायतशीर राहावी, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण ज्याला एकच गुंठा हवा आणि तेवढाच परवडतो, त्याला तो कायदेशीरपणे कोण देणार, याची सोय कायद्याने केली नाही. बिगरशेती परवाना, मंजूर रेखांकन, त्यात सोडायची खुली जागा, रस्त्यांची रुंदी, हे सारे पार पाडून येणारा भूखंड त्याच्या आवाक्याबाहेर जातो. मनाई आहे आणि पुरवठा नाही, अशा पोकळीत प्लॉटिंगवाला उभा राहतो. माझे म्हणणे एवढेच, की शहराच्या वेशीवरच्या बेकायदा वस्तीचे मूळ कारण लहान, परवडणाऱ्या, आखलेल्या भूखंडांची टंचाई हे आहे. ही टंचाई दूर होत नाही तोवर शिक्षा आणि माफी दोन्ही निष्फळ ठरतील.

टंचाई ही काही अटळ नियती नाही, याचा पुरावा म्हैसूरमध्येच आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि 1898 मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. याच न्यासाने दादर-माटुंग्याची मोकळी जमीन घेऊन, रस्ते-गटारे घालून, भूखंड पाडून दिले; मध्यमवर्गीय मुंबईची एक पिढी तिथे वसली. प्लेगने म्हैसूर संस्थानालाही गाठले, आणि 1903 च्या कायद्याने म्हैसूर शहरासाठी स्वतंत्र सुधार न्यास आला. चामराजपुरम, लक्ष्मीपुरम यांसारख्या जुन्या विस्तारांत आजही फिरले तर त्या काळची शिस्त दिसते: सरळ रस्ते, आणि घरांच्या दोन रांगांमधून जाणारी सफाईची अरुंद गल्ली, जिला म्हैसूरकर अजून ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. मैला वाहणाऱ्याने पुढच्या दारी येऊ नये, या विचारातून आलेली ती गल्ली. त्या विचारातला जातिभेद आपण टाकून दिलाच पाहिजे. पण मलवाहिनी टाकायला जागा आधीच राखलेली होती, हा तिचा उपयोग पुढच्या शंभर वर्षांना झाला. न्यासाने माणसे येण्याची वाट पाहिली नाही. आधी आखणी केली, नंतर वस्ती आली.

आज हा क्रम उलटला आहे. वस्ती आधी येते, आणि मग ठरावीक तारखेपर्यंतच्या बांधकामांना नियमित करण्याचा कायदा येतो. महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा 2001 चा. त्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या विकासाला आधार दिला. 2021 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे पुढे नेली. मधल्या काळात नगररचना कायद्यात कलम 52-अ आले, त्याची तारीख 31 डिसेंबर 2015. तुकडेबंदीचा भंग करून झालेले व्यवहार बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची सोय 2017 मध्ये झाली. पुढे 2024 मध्ये ती रक्कम 5 टक्क्यांवर आली. आणि 2025 च्या अध्यादेशाने 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचे ठरले. ज्याने कायदा मानून पहिल्या वर्षी पैसे भरले त्याला सर्वांत जास्त पडले, जो थांबला त्याला कमी, आणि जो अगदीच गप्प बसला त्याला काहीच नाही. कर्नाटकात ‘अक्रम-सक्रम’ योजनेची तारीख 19 ऑक्टोबर 2013 होती. निवासी बांधकामात 50 टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन माफ करणारी ही योजना जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोपवली. 2025 मध्ये तिथे मंजुरी नसलेल्या मालमत्तांना ‘ब-खाते’ देण्याची मोहीम निघाली आणि पंचायत कायद्यातही त्या दिशेने दुरुस्ती झाली. एवढ्या तारखा पाहिल्यावर प्लॉटिंगवाल्याला जाहिरात करायची गरजच उरत नाही. “आज ना उद्या होईलच नियमित,” हे त्याचे वाक्य खरे ठरवण्याचे काम सरकारच करत आले आहे.

नियमित करण्याने कागद सुधारतो, जमीन सुधारत नाही. सांगलीचे शामरावनगर याचे ठळक उदाहरण. सखल भागात गुंठेवारीने वाढलेल्या या वसाहतीत पावसाचे पाणी साचून राहते, कारण पाण्याला वाट देणारी जागाच बांधकामाखाली गेली. शुल्क भरून प्रमाणपत्र मिळाले, तरी नाल्याची रुंदी परत येत नाही. नऊ फुटांच्या बोळात अग्निशमन दलाची गाडी शिरत नाही. दंडाचा अनुभवही याहून वेगळा नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत घरांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीकर लावला गेला. थकबाकी वाढत गेली, प्रत्येक निवडणुकीत तो रद्द करण्याची आश्वासने मिळाली, आणि अखेर 2023 मध्ये तो माफ झाला. एवढ्या वर्षांत त्या कराने एकही रस्ता रुंद केला नाही.

यावर पहिला आक्षेप कायदाप्रेमींचा: मग पाडा. नियम मोडणाऱ्याला अभय दिले तर नियम पाळणारा मूर्ख ठरतो. आक्षेपात तथ्य आहे. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले आहे, की नियमितीकरण हा नित्याचा मार्ग होऊ नये आणि बँकांनी पूर्णत्वाचा दाखला पाहूनच कर्ज द्यावे. त्याच्याच महिनाभर आधी, 13 नोव्हेंबरच्या निकालात, रस्ते, नदी-जलाशय यांसारख्या सार्वजनिक जागांवरची बांधकामे वगळता, पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी यांशिवाय कोणाचे घर पाडता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर दिशा कळते. नाल्यातले, पूररेषेतले, रस्त्यावरचे बांधकाम हटलेच पाहिजे, पण रीतीने आणि पुनर्वसन करून. बाकी हजारो घरे पाडणे शक्यही नाही आणि न्याय्यही नाही, कारण दोष एकट्या खरेदीदाराचा नाही. तुकडे पाडणारा, डोळेझाक करणारा तलाठी-ग्रामसेवक आणि भूखंड न पुरवणारे प्राधिकरण, हे तिघे त्यात भागीदार आहेत. पाडकामाचा हातोडा मात्र चौथ्यावर पडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भूखंड पुरवणाऱ्या सरकारी संस्थांवर विश्वास का ठेवावा? पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण 1972 मध्ये स्थापन झाले आणि 2021 मध्ये गुंडाळले गेले. संपादनासाठी राखलेली जमीन वेळेत विकसित झाली नाही, मूळ मालकांचा परतावा रखडला, आणि त्याच जमिनीवर गुंठ्या-गुंठ्याने घरे उभी राहिली. म्हैसूरची कथा अलीकडची. 1988 मध्ये न्यासाची जागा नगरविकास प्राधिकरणाने घेतली. शेतकऱ्याने जमीन द्यावी आणि विकसित भूखंडांतला निम्मा वाटा घ्यावा, अशी 50:50 योजना तिथे 2020 मध्ये आली आणि 2023 मध्ये मागे घ्यावी लागली. जमीन गेली एका कोपऱ्यात आणि बदल्यात भूखंड मिळाले महागड्या वस्तीत, हा 2024 मध्ये गाजलेल्या आरोपांचा गाभा होता; प्रकरण लोकायुक्त आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले. यातून घ्यायचा धडा नेमका आहे. वाटणीचे तत्त्व चुकीचे नव्हते. वाटणी कुठे, किती आणि कोणाला, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणे चुकीचे होते. परतावा त्याच योजनेच्या हद्दीत, पूर्वी जाहीर केलेल्या नकाशावर आणि उघड सोडतीने मिळाला, तर मर्जीला वावच राहत नाही.

नगररचना योजनेत हीच तरतूद आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती आपल्याकडे आहे. अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, मैदाने आणि सेवांसाठी भाग काढायचा, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना परत द्यायची. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड मुख्यतः याच मार्गाने मिळालेल्या जमिनीवर झाला. शेतकरी जमीन द्यायला तयार होणार नाही, हा तिसरा आक्षेप इथे येतो, आणि त्याचे उत्तर वाट्याच्या आकड्यात आहे. नवी मुंबईत भूसंपादनाविरुद्धच्या 1984 च्या जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. आज विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात 40 टक्के परताव्याची योजना आहे, तीही तिथल्या शेतकऱ्यांना अपुरी वाटते. उलट पुण्याच्या मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी स्वतःच जमीन एकत्र करून नगर वसवले. न्याय्य वाटा आणि निर्णयात हात, एवढे मिळाले तर शेतकरी आखणीचा शत्रू राहत नाही. एकेक गुंठा विकून मिळणारा पैसा लगेच हाती येतो, हे खरे. पण रुंद रस्त्यावरच्या विकसित भूखंडाचा भाव चढतच जातो, हे त्याला कोणी पटवून सांगायची गरज नाही.

या योजनांमध्ये एक उणीव मात्र राहते, आणि तीच आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे: लहान भूखंड. परताव्याचे मोठे तुकडे बिल्डरकडे जातात आणि गुंठा शोधणारा पुन्हा वेशीबाहेर ढकलला जातो. म्हणून प्रत्येक योजनेत एका गुंठ्याचे आणि त्याहूनही लहान भूखंड ठरावीक प्रमाणात असलेच पाहिजेत. सुरुवातीला रस्त्यांची जागा ताब्यात, नाल्याची मोजणी, पाण्याची मुख्य नळवाहिनी एवढे झाले तरी पुरे. डांबर, दिवे, बाग नंतर येऊ द्यात. सर्व सुविधांचा हट्ट धरला की भूखंड महाग होतो आणि माणूस पुन्हा चुन्याच्या फक्कीकडे वळतो. जुन्या वस्त्यांसाठी नियमितीकरण हवेच, पण त्याची रक्कम त्याच वस्तीच्या गटारावर आणि रस्त्यावर खर्च व्हावी, हे कायद्यात लिहिलेले असावे.

बेळगोळच्या पट्ट्यात अजून शेते उरली आहेत, म्हणून तिथे हे करण्याची वेळ आत्ताची आहे. पुण्या-सांगलीच्या पुढच्या वर्तुळातल्या गावांचेही तसेच. जमीनमालकांनी एकेकटे विकण्याऐवजी एकत्र येऊन योजनेची मागणी करावी. वस्तीतल्या घरमालकांनी संघटना नोंदवून सामाईक रस्ता पंचायतीच्या नावे करून घ्यावा, कारण पुढची प्रत्येक सोय त्यावर अवलंबून आहे. घर घेणाऱ्याने दर विचारण्याआधी मंजूर रेखांकनाचा क्रमांक विचारावा. आणि सरकारांनी माफीची नवी तारीख जाहीर करण्यापूर्वी, गेल्या तारखेपासून आजपर्यंत किती लहान भूखंड आखून दिले, याचा हिशेब लोकांपुढे ठेवावा. तो हिशेब दाखवता येत नसेल, तर पुढची बेकायदा वस्ती कोणामुळे उभी राहते आहे, याचे उत्तर त्यातच मिळेल.