कार्यालयासाठी नेटवर्क स्विच घेताना

प्रभागसंघाच्या कार्यालयात आता एका संगणकावर भागत नाही. एक ताई हिशेब चढवते, दुसरी कर्जाचे प्रस्ताव करते, आणि प्रिंटर एकच. ऐन बँकेच्या तारखेला नेट अडकले तर गटाचे कर्ज पुढच्या आठवड्यावर जाते, आणि पेरणी काही थांबत नाही. हे सगळे वायरने नीट जोडणारी छोटी पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. (हे दिव्याचे बटण नव्हे, आमच्या बैठकीत हे आधी सांगावे लागते!) पोस्टमन ज्याची चिठ्ठी त्याच्याच दारात टाकतो, तशी ही पेटी माहिती ज्या यंत्राची त्यालाच पोचवते.

आधी आपल्या राऊटरची मागची बाजू बघा. तिथे बहुधा वायर लावायच्या तीन-चार जागा असतातच. दोन संगणक आणि एक प्रिंटर एवढेच असेल तर स्विच घेऊच नका.

गरज असेल तर ८ पोर्टचा घ्यावा. ५ पोर्टचा स्वस्त असतो, पण एक जागा राऊटरला जाते, उरतात चार. दुकानदार 'मॅनेज्ड' दाखवील. तो महाग, मोठ्या कंपन्यांच्या कामाचा. आपल्याला साधा 'अनमॅनेज्ड' पुरतो, वायर खोचली की चालू. वेग १०० एमबीपीएसचा किंवा गिगाबिट म्हणजे १०००चा. खेड्यातल्या इंटरनेटला १००सुद्धा पुष्कळ, पण फरक चार-पाचशेचाच असेल तर आम्ही गिगाबिट घ्या म्हणू. डी-लिंक, टीपी-लिंक अशा कंपन्यांचे ८ पोर्टचे गिगाबिट स्विच साधारण दीड-दोन हजारांत मिळतात. आपल्याकडचा मे महिना आठवा आणि धातूच्या डब्याचाच मागा, तो उष्णता लवकर बाहेर टाकतो.

पैसा गटांचा आहे, म्हणून नांदेड असो की लातूर, तीन दुकानांची कोटेशन घ्या. "बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल," असे कुणी म्हणाले तर तिथून उठा. बिल नसेल तर ऑडिटला काय दाखवणार? वॉरंटीही गेलीच. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. बिघडल्यावर पेटी इथेच द्यायची की पुण्याला पाठवायची, तेही आधीच विचारा.

अनेकदा जळतो तो स्विच नसून त्याचा अ‍ॅडॅप्टर. त्यावर बीआयएसची नोंदणी खूण बघा, आणि बदलताना तेवढ्याच व्होल्टचा घ्या, दिसायला सारखा म्हणून नको. मृगाच्या आधी विजा कडाडू लागतात, तेव्हा रोज घरी जाताना अ‍ॅडॅप्टर आणि बाहेरून आलेली वायर दोन्ही काढून ठेवा.

सगळ्यांचे नेट एकदम बंद पडले तर दुकानात धावण्याआधी स्विचच्या वायरी तपासा. झाडलोट करताना खाली पडलेले टोक कुणीतरी चांगल्या मनाने परत खोचलेले असते. एकाच वायरची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली की माहिती आत गरागरा फिरत राहते आणि सगळे ठप्प होते. एक टोक काढा, थोड्या वेळात नेट सुरू होते.