दहाचे दोन भाग, गुणाकार चाळीस

अकरावीच्या गणितात संमिश्र संख्यांची ओळख बहुधा एकाच चालीने होते. क्ष² + १ = ० या समीकरणाला वास्तव संख्यांत उत्तर नाही; म्हणून जिचा वर्ग −१ येतो अशी एक नवी संख्या आपण मानू. वर्गातला चौकस विद्यार्थी नेमका इथे अडतो. उत्तर नाही तर नाही, ते ओढूनताणून आणायचे कशाला? उद्या शून्याने भागता येत नाही म्हणून त्यासाठीही एखादी संख्या मानायची का? या शंकेची ‘पुढे उपयोग कळेल’ अशी बोळवण केली जाते. वास्तविक शंका रास्त आहे. वर्गसमीकरण कुणालाही संमिश्र संख्यांपाशी नेत नाही. ते फार तर त्यांच्या वेशीवर आणून सोडते. याचा उत्तम पुरावा दिल्लीतल्या एका शिक्षकाच्या, १८५० साली छापून निघालेल्या पुस्तकात सापडतो.

त्या पुस्तकाचे लेखक मास्टर रामचंद्र दिल्ली कॉलेजात गणित आणि विज्ञान शिकवत. जन्म १८२१चा, पानिपतचा. (पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ सोडून दुसरे काही आठवत नाही, या गणितज्ञाची तिथे भर घालायला हरकत नसावी.) इंग्रजीत लिहिलेले हे पुस्तक त्यांनी पदरमोड करून कलकत्त्याला छापून घेतले. विषय होता महत्तम आणि लघुतम किंमत काढण्याचा, तोही कलनाला हात न लावता, केवळ बीजगणिताने. त्यांची युक्ती सोप्या उदाहरणात अशी दिसते: १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त येईल. एक भाग क्ष, दुसरा १० − क्ष आणि गुणाकार र धरला, तर समीकरण सोडवल्यावर क्ष = ५ ± √(२५ − र) मिळते. आता र जर २५ पेक्षा मोठा झाला, तर मुळाखाली ऋण संख्या येते आणि असे भाग अस्तित्वातच राहत नाहीत. म्हणजे महत्तम गुणाकार २५, आणि दोन्ही भाग ५-५. ‘अशक्य’ हा शब्द इथे उणीव नाही, तीच खरी माहिती आहे. जिथे उत्तर अशक्य होऊ लागते तिथेच महत्तम किंमत सापडते. सह्याद्रीच्या परिसरातल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘बीजगणिता’त घेतलेली भूमिका हीच होती: ऋण संख्या कशाचाही वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. ही समजूत मागासलेली नव्हती. वर्गसमीकरणापुरते बोलायचे तर ती चोख होती, आणि रामचंद्रांनी तिच्यावर सगळी पद्धत उभारली.

मग ही वेस कुणी, का ओलांडली? १५४५ मध्ये इटलीत कार्डानोने जवळपास हाच प्रश्न घातला होता, फक्त त्याने गुणाकार ४० मागितला. रामचंद्रांच्या हिशेबाने २५ च्या पुढे वाट बंद. कार्डानोने मात्र ५ + √−१५ आणि ५ − √−१५ अशी उत्तरे लिहिली, त्यांची बेरीज १० आणि गुणाकार ४० येतो हे पडताळले, आणि हे सारे जितके सूक्ष्म तितकेच निरुपयोगी असा शेराही मारला. त्याचा शेरा बरोबरच होता. वर्गसमीकरणात अशा मुळांनी काही साधत नाही. साधले ते घन समीकरणात. क्ष³ = १५क्ष + ४ याला ४ हे उत्तर आहे, हे तोंडी पडताळता येते: ६४ = ६० + ४. पण घन समीकरणाचे त्या काळी गाजलेले सूत्र वापरले की उत्तर येते ते २ + √−१२१ चे घनमूळ अधिक २ − √−१२१ चे घनमूळ. उत्तर समोर आहे, वास्तव आहे, आणि सूत्र म्हणते की वाट ‘अशक्य’ प्रदेशातून जाते. इथे ‘उत्तर नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. १५७२ मध्ये बोम्बेल्लीने धीटपणे नेहमीच्याच नियमांनी हिशेब केला. २ + √−१ चा घन २ + ११√−१ येतो, आणि ११√−१ म्हणजेच √−१२१. तेव्हा पहिले घनमूळ २ + √−१, दुसरे २ − √−१, बेरीज ४. हा पडताळा अकरावीतला कोणीही विद्यार्थी पाच मिनिटांत करू शकतो. घन समीकरणे अभ्यासक्रमात नाहीत, ही सबब म्हणूनच टिकत नाही. सूत्राची सिद्धता द्यायची गरज नाही, एक गुणाकार पुरतो.

जाणकार इथे हरकत घेतील की अशी घन समीकरणे संमिश्र संख्यांशिवायही सुटतात. सोळाव्या शतकातच व्हिएतने त्रिकोणमितीने ती सोडवून दाखवली. खरे आहे. मुळे काढण्याच्या क्रियेने मात्र, म्हणजे वर्गमूळ-घनमूळ वापरून आणि वास्तव संख्यांतच राहून, ती सर्वसाधारणपणे सुटत नाहीत, हे वांट्सेलने १८४३ मध्ये सिद्ध केले. पण या हरकतीतच खरी मेख आहे. व्हिएतची पद्धत म्हणजे कोनाचे तीन समान भाग करणे. बोम्बेल्लीच्या संख्या कागदावर बिंदू म्हणून मांडल्या, तर २ + √−१ चा आडव्या अक्षाशी कोन सुमारे २६.६ अंश भरतो आणि २ + ११√−१ चा सुमारे ७९.७ अंश, बरोबर तिप्पट. घन केला की कोन तिप्पट होतो. गुणाकार केला की कोनांची बेरीज होते. दोन्ही पद्धती एकच गोष्ट सांगत होत्या, हे उमगायला वेसेल (१७९७), आर्गां (१८०६) आणि गाउस यांच्यापर्यंत वाट पाहावी लागली. या दृष्टीने −१ च्या वर्गमुळात काहीच गूढ उरत नाही. इंडिया गेटपाशी राष्ट्रपती भवनाकडे तोंड करून उभे राहा आणि डावीकडे काटकोनात वळा. पुन्हा तसेच वळलात की तोंड नॅशनल स्टेडियमकडे, म्हणजे थेट उलट दिशेला होते. जे दोनदा केल्याने दिशा उलटते, ते −१ चे वर्गमूळ.

दुसरी हरकत तर्कशुद्धतेची. हॅमिल्टनने एकोणिसाव्या शतकात संमिश्र संख्या म्हणजे वास्तव संख्यांच्या क्रमित जोड्या, अशी स्वच्छ व्याख्या दिली. मग इतिहासाचा फेरा कशाला? त्या व्याख्येने एक मोठे काम होते, यात वाद नाही. शून्याने भागण्याच्या शंकेचे उत्तर तिच्यातच आहे: शून्याला व्यस्त संख्या मानली तर बेरीज-गुणाकाराचे नियम मोडतात आणि १ = २ असे काहीही सिद्ध होते, पण −१ ला वर्गमूळ मानल्याने त्यातला एकही नियम मोडत नाही, फक्त लहान-मोठेपणाचा क्रम सोडावा लागतो. व्याख्या एवढा परवाना देते. पण जोड्यांचा गुणाकार असा विचित्र का, हे ती सांगत नाही. ते कोनांच्या बेरजेतूनच कळते. रामचंद्रांचे पुस्तक ज्यांनी इंग्लंडात उचलून धरले आणि १८५९ मध्ये आपली प्रस्तावना जोडून लंडनहून पुन्हा काढले, त्या ऑगस्टस डी मॉर्गन यांचा प्रवास इथे बोलका आहे. मदुराईत जन्मलेल्या या गणितज्ञाने १८३१ मध्ये ऋण संख्येचे वर्गमूळ निरर्थक, स्वतःलाच खोडणारे ठरवले होते; १८४९ मध्ये त्यानेच त्रिकोणमितीच्या जोडीने या संख्यांचा भौमितिक अर्थ उलगडणारे पुस्तक लिहिले. मत बदलण्याइतके बळ त्याला भूमितीने दिले, समीकरणाने नव्हे.

म्हणून दिल्लीत श्री अरविंद मार्गावर घेतलेला एक निर्णय खटकतो. २०२२ मध्ये एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार हलका करताना अकरावीच्या संमिश्र संख्यांच्या प्रकरणातून ध्रुवीय रूप, म्हणजे लांबी आणि कोन यांच्यात संख्या मांडण्याचा भाग, काढून टाकला. करोनाकाळात बुडालेला अभ्यास पाहता काहीतरी कापणे भागच होते, हे मान्य. पण हा भाग महाग नव्हता: दोन कोनांच्या बेरजेची साइन आणि कोसाइनची सूत्रे त्याच पुस्तकात त्रिकोणमितीच्या प्रकरणात आहेतच, आणि लांबी १ असलेल्या दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार म्हणजे तीच दोन सूत्रे एका ओळीत. उरले ते मुख्यतः बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचे हिशेब आणि √−१ च्या घातांची घोकंपट्टी. शिवाय अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई परीक्षेच्या अभ्यासक्रमात संमिश्र संख्येचा कोन कायम आहे. त्यामुळे दिल्लीतल्या काळू सरायच्या कोचिंग क्लासची फी भरणाऱ्याला तो शिकवला जातो, आणि केवळ पाठ्यपुस्तकावर विसंबलेल्याच्या हाती क्ष² + १ = ० एवढेच राहते.